परदेशी विद्यार्थ्यांचे प्रवेश ऑनलाइन: एका पूर्ण हंगामानंतरचा अनुभव

विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी विभागात मी अर्जांची छाननी करते. कागदी अर्ज बंद होऊन सगळं पोर्टलवर आलं, त्याला एक प्रवेश हंगाम उलटला. परत कागदाकडे जायची माझी अजिबात तयारी नाही, पण पोर्टलच्या भरवशावर सगळं सोडायचीही नाही.

खरा फायदा पडताळणीत झाला. पूर्वी मोहोरबंद लिफाफ्यातली गुणपत्रकं टपालाने यायची, तीही उशिरा. आता चीनमधली पदवी खरी आहे का, हे सीएचएसआय या तिथल्या पदवी-पडताळणी सेवेच्या अहवालावरचा कोड टाकला की कळतं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची गुणपत्रकं माय इक्वल्स या तिथल्या विद्यापीठांच्या संकेतस्थळावरून पाहता येतात. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण साधारण दोन वर्षंच ग्राह्य धरतात. मुदत संपली असेल तर पोर्टल अर्ज भरतानाच अडवतं. शुल्क भरून झाल्यावर नकार येणं फार वाईट, ते टळलं.

नावाच्या रकान्याने मात्र छळलं. कित्येक देशांत लोकांना आडनावच नसतं. पासपोर्टवर खालच्या बाजूला ४४-४४ अक्षरांच्या दोन ओळी असतात, तिथे असं एकेरी नाव आडनावाच्या जागी छापलेलं असतं. आमच्या पोर्टलला मात्र दोन्ही रकाने भरलेले हवेत. मग कुणी टिंब टाकतं, कुणी तेच नाव दोनदा लिहितं, आणि तेच प्रवेशपत्रावर छापून येतं. व्हिसाच्या वेळी पासपोर्टशी नाव जुळलं नाही तर धावपळ त्या मुलांची होते. अशी प्रत्येक फाईल मी अजूनही पासपोर्टची प्रत समोर ठेवूनच पुढे पाठवते.

गुणांचंही तसंच. जर्मनीत १.० म्हणजे सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. पोर्टलची आपोआप लागणारी क्रमवारी मोठा आकडा वर नेते, त्यामुळे तिथली सगळ्यात हुशार मुलं यादीच्या तळाला गेली! ती क्रमवारी आम्ही बंदच करून घेतली.

कच्चा अर्ज जतन करण्याची सोय उत्तम आहे. अर्जाची स्थिती दिसते, पण आठवडेच्या आठवडे नुसतं ‘प्रक्रियेत’ वाचून घरापासून दूर निघालेल्या मुलाने काय समजायचं? कोणता कागद अडलाय, ते तिथेच लिहून यायला हवं.

तुमच्याकडे अशी प्रणाली घ्यायचं चाललं असेल तर करार करण्याआधी एकेरी नावाचा एक अर्ज आणि जर्मन गुणपत्रकाचा एक अर्ज समोर बसून भरून बघा.