पन्नास लिटरची सॅक: काही महिने वापरल्यावर, आणि एका बकलाबद्दल बरंच काही

खिसे किती, रेनकव्हर आहे की नाही, हे जाहिरातीत सगळ्यांनी वाचलेलं असतं. मला लिहायचं आहे ते कमरपट्ट्याच्या बकलाबद्दल.

गेल्या पावसाळ्यात घेतली. पाटणादेवी, मनुदेवी, तोरणमाळ, सगळीकडे मस्त चालली. तेव्हा कुणी विचारलं असतं तर डोळे झाकून घ्या म्हटलं असतं. पण त्या फिरण्यांत पाठीवर असायचं काय, एक चादर आणि डबा.

महाशिवरात्रीची यात्रा उरकल्यावर एकटाच निघालो. बेत असा की चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमापासून तापीच्या काठाकाठानं थेट प्रकाशा गावापर्यंत चालत जायचं. अंथरूण, भांडी, कळण्याच्या भाकरी आणि चार लिटर पाणी धरून तेरा किलो भरले. सकाळचा गारवा होता तोवर ओझं जाणवलंही नाही. ऊन चढलं, हतनूर धरण अजून लांबच होतं, आणि पाणी पिऊन सॅक परत चढवताना कट्कन आवाज आला. बकलाचा डावा काटा मुळापासून गेला होता. तुटल्या जागी प्लास्टिक पांढरं पडलं होतं, दुसऱ्या काट्याच्या मुळाशीही तशीच बारीक पांढरी रेघ. म्हणजे तोही जाणारच होता.

ज्यांनी वजन घेऊन दिवसभर चाल केली आहे त्यांना याचा अर्थ कळेल. सॅकचं बहुतेक वजन कमरेच्या हाडांवर बसायला हवं, खांद्याचे पट्टे फक्त तोल धरतात. कमरपट्टा सुटला की सगळा भार खांद्यांवर येतो, सॅक मागे ओढते आणि छातीचा पट्टा गळ्याशी येतो. पुढच्या तासाभरात माझे खांदे सोलून निघाले.

केळीच्या बागेत काम करणाऱ्या एका दादांनी बघितलं. "थांबा भो," म्हणाले, आणि वाऱ्यानं केळी पडू नये म्हणून बांधतात ती प्लास्टिकची पट्टी आणून दोन्ही टोकं घट्ट आवळून दिली. त्या गाठीवर भुसावळ गाठलं. तिथल्या मोच्यानं रापीनं जुने टाके कापले, दुसरं बकल घातलं, आरीनं नायलॉनच्या दोऱ्याची दुहेरी शिवण मारली. साठ रुपये. तेच बकल प्रकाशापर्यंत टिकलं आणि आजही शाबूत आहे.

आणि ज्या कंपनीनं बेचाळीसशे रुपये घेतले ती काय म्हणते? बकल हा झिजणारा भाग, वॉरंटीत बसत नाही. फार तर सॅक कुरिअरनं पाठवा, येण्याजाण्याचा खर्च तुमचा. अहो, बूट झिजतो, काटा मुळातून तुटतो, याला झीज म्हणत नाहीत! वर यांनी बकल पट्ट्यात शिवून बंद केलेलं. नुसता पट्टा ओवलेला असता तर वाटेत बसून पाच मिनिटांत मीच बदललं असतं.

रागात एकच तारा द्यायचं ठरवलं होतं. पण खरं सांगायचं तर बाकीच्या सॅकनं पुढचे सगळे दिवस निभावले. पाठीची जाळी घामानं भिजून रोज वाळायची, तरी कुठे उसवली नाही. खांद्याची शिवण पक्की, चेन एकदाही अडकली नाही. म्हणून तीन तारे. उरलेले दोन त्या बकलाचे कापले.

घेणार असाल तर दुकानातच कमरपट्टा उलटा करून बघा. बकल शिवलेलं असेल तर दुसरी दाखवा म्हणा. आधीच घेतली असेल तर मोच्याकडून बकल बदलून घ्या आणि एक जादाचं वरच्या खिशात ठेवा. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली आहे. कंपनीचं उत्तर आलं की इथेच लिहीन.