नऊ महिने, दोन उन्हाळे आणि मामाच्या पोर्शचा एसी

घाईत असलेल्यांसाठी आधी निकाल सांगून टाकते. बाहेर ३८ अंश असताना पुण्यात पौड रोडवर गाडी चालती असली, की एसीच्या मधल्या जाळीतून ८ अंशांची हवा येते. सिग्नलला दोन मिनिटं अडकलं की तीच हवा १२-१३ वर जाते. गेल्या वर्षी याच रस्त्यावर हे आकडे १९ आणि २७ होते. थर्मामीटर स्वयंपाकघरातला, केकच्या पोटात खुपसायचा, पण दोन्ही वर्षी तोच होता, त्यामुळे तुलनेला चालेल. एकूण खर्च १ लाख १८ हजार. त्यातले चाळीसेक हजार माझ्या उतावळेपणाचे, ते कसे ते पुढे येईलच.

गाडी १९८७ ची पोर्श ९४४. मामा १९९४ मध्ये दुबईहून कायमचा परतला तेव्हा सामानासोबत ही आली. स्टीअरिंग डावीकडे, त्यामुळे फास्टॅग येईपर्यंत टोलचे पैसे देणं हे उजवीकडे बसणाऱ्या मामीचं खातं होतं. अडीच लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी, म्हणून वजन पुढे-मागे जवळपास सारखं वाटलं जातं आणि वळणावर गाडी अशी बसते की बस्स. हेडलाइट बॉनेटमधून वर येतात, सोसायटीतली पोरं तेवढ्यासाठी संध्याकाळची वाट बघत असतात. पण मागचा सगळा दरवाजा म्हणजे एक प्रचंड वाकवलेली काच. एप्रिलमधल्या दुपारी तासभर उन्हात उभी करा, आत सौरचूल तयार. डाळ-तांदूळ तेवढे ठेवायचे बाकी.

मामा सांगायचा, दुबईत हिचा एसी दात वाजवायचा. तेव्हा आत आर-१२ गॅस होता. ओझोनचा थर असल्या गॅसपासून वाचवण्यासाठी मॉन्ट्रियलचा करार झाला तो १९८७ मध्येच, म्हणजे ही गाडी आणि तिच्या एसीचं मरणपत्र एकाच वर्षीचं. पुढे आर-१३४ए आला. त्यात ओझोन खाणारं क्लोरीन नाही, पण तो जुन्या नळ्यांच्या रबरातून हळूहळू निसटतो, जुन्या खनिज तेलात मिसळत नाही आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या बाजूला जास्त दाबावर काम करतो. म्हणजे नुसता गॅस बदलून भागत नाही. हे मला आज माहीत आहे.

गेल्या उन्हाळ्यात माहीत नव्हतं. एका एसीवाल्याने दोन महिन्यांत तीनदा गॅस भरून दिला. प्रत्येक वेळी चार दिवस बरं चाले. तो बोलायचा माझ्या नवऱ्याशी. नवऱ्याला वायपरचं पाणी कुठे टाकतात हे विचारावं लागतं, तरी "साहेब, गॅस कमी झालाय" हे त्याला आणि बिल मला. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, मिक्स गॅस टाकू, स्वस्त पडतो आणि कूलिंग जबरदस्त. मिक्स म्हणजे प्रोपेन-ब्युटेनच्या कुळातला, पेट घेणारा. अडतीस वर्षांच्या गळक्या नळ्यांमध्ये आणि तोही माझ्या पायांसमोर. तिथून थेट घरी आले.

गॅस 'संपत' नसतो, हे त्या वर्षाचं शिक्षण. ती बंद साखळी आहे, कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय.

या फेब्रुवारीत भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये गाडी दिली. तिथले काका पूर्वी बसचे एसी करायचे. त्यांनी बॉनेट उघडून बराच वेळ काहीच केलं नाही, मग म्हणाले, "मॅडम, एसी म्हणजे हमाल. आतली उष्णता उचलायची आणि बाहेर टाकायची. बाहेर टाकायलाच जागा नसेल तर हमाल बदलून काय होणार?" हे वाक्य मी ऐकलं, पटलं असं दाखवलं आणि तरीही नवा काॅम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप) बसवाच म्हणून हट्ट धरला. जुना उघडून सील बदलले असते तर चाललं असतं, असं त्यांचं मत होतं.

काय काय बदललं? काॅम्प्रेसर सँडेन कंपनीचा ५०८, पाच पिस्टनचा. कंडेन्सर, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, जुन्या नळी-आणि-पत्र्याच्या जागी पॅरलल फ्लो, ज्यात चपट्या नळ्यांमधून गॅस एकाच वेळी अनेक वाटांनी जातो आणि तेवढ्याच जागेत जास्त उष्णता सोडतो. नळ्या आतून नायलॉनचं अस्तर असलेल्या, जागेवर माप घेऊन दाबून बसवलेल्या. ओलावा शोषणारा ड्रायर, गॅसचा दाब उतरवणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, सांध्यांतल्या सगळ्या ओ-रिंगा नव्या. आतलं जुनं तेल धुऊन काढलं, नव्या गॅसात मिसळणारं पॅग तेल घातलं. ब्लोअर बाहेर काढला तेव्हा खाली वाळक्या पानांचा लगदा निघाला. बहुतेक मामाच्या बंगल्यातल्या गुलमोहराचा, म्हणजे वारसाहक्काने आलेला.

मग गळती तपासायला नायट्रोजन भरून रात्रभर ठेवली. सकाळी दाबाचा काटा होता तिथेच होता. पाऊण तास पंपाने आतली हवा ओढून काढली आणि आर-१३४ए गॅस वजनकाट्यावर मोजून भरला, मूळ आर-१२ च्या वजनाच्या साधारण ८५ टक्के. "जरा जास्त टाका" असं मीच म्हणाले. काका हसले. जास्त गॅस म्हणजे जास्त दाब आणि कमी थंडी.

पहिल्या आठवड्यात समाधान. दुसऱ्या आठवड्यात पट्टा शिट्टी मारायला लागला, तिसऱ्यात तुटला, तोही विद्यापीठ चौकात. नव्या काॅम्प्रेसरसाठी लेथवर बनवलेली ब्रॅकेट जेमतेम ३ मिलिमीटर पुढे होती, त्यामुळे पुल्या एका रेषेत नव्हत्या. दोन पट्टे खाल्ल्यावर ती परत बनवली. जुना काॅम्प्रेसर ठेवला असता तर हे काहीच झालं नसतं, हे काका बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मार्चअखेर कळलं की महामार्गावर गारेगार आणि सिग्नलला पुन्हा घाम. काकांनी इंजिन चालू ठेवून रेडिएटरच्या समोर वर्तमानपत्राचा कागद धरला. एका बाजूला कागद आत ओढला गेला, दुसऱ्या बाजूला फडफडत बाहेर आला. दोन पंख्यांपैकी एक उलटा फिरत होता! कधीतरी, कुणीतरी, मोटरच्या दोन वायरी अदलाबदल करून जोडल्या होत्या. गाडी पळत असताना समोरचा वारा सगळं झाकून घ्यायचा, उभी राहिली की दोन्ही पंखे एकमेकांशी भांडत बसायचे. वायरी सुलट्या केल्या, शिवाय दाब वाढला की पंखे आपोआप पूर्ण वेगाने लागावेत म्हणून प्रेशर स्विच आणि रिले बसवले. सिग्नलचा आकडा २२ वरून १७ वर आला. या कामाचा खर्च ९०० रुपये.

सतराही काही थंडी नाही. मे महिन्यात आईला घेऊन पाचगणीला निघालो. खंबाटकीपर्यंत ठीक होतं, पसरणी घाटात तापमानाचा काटा चढायला लागला म्हणून दोन वळणं एसी बंद ठेवला. तेव्हा आई म्हणाली, "अगं, माझ्या पायाशी गरम हवा येतेय." मला वाटलं इंजिनची धग असेल. पाचगणीत पोचल्यावर अर्थातच एसीची गरज उरली नाही, लाखभर रुपये घालून आम्ही काचा खाली केल्या.

पण आईचं बोलणं डोक्यात राहिलं. परत आल्यावर इंजिनचं गरम पाणी हीटरकडे नेणारी नळी ग्रिप पान्याने चिमटली आणि थर्मामीटर लावून बसले. दहा मिनिटांत हवा पाच अंशांनी उतरली. हीटरचा व्हॉल्व्ह व्हॅक्युमवर चालणारा, प्लास्टिकचा, पूर्ण मिटतच नव्हता. म्हणजे इतके दिवस एकाच पेटीत एसी आणि हीटर दोघेही इमानेइतबारे काम करत होते. नवा व्हॉल्व्ह २,८०० रुपयांना मागवला, बसवायला तास लागला. ९४४ असलेल्या कुणालाही माझं सांगणं: एसीवाल्याकडे जाण्याआधी ती नळी चिमटून बघा.

पावसाळ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जूनमध्ये हवा दमट झाली की जाळीतला आकडा ११-१२ च्या खाली जात नाही. एप्रिलमधली पुण्याची हवा कोरडी असते, तेव्हा एसीची सगळी ताकद हवा गार करण्यात जाते, पावसाळ्यात निम्मी ताकद बाष्पाचं पाणी करण्यातच खर्च होते. ते पाणी जुलैत उजवीकडच्या पायपोसावर साठलं, कारण निचऱ्याची नळी तुंबली होती. वायर घालून मोकळी केली. पुन्हा गुलमोहर. समोरची काच मात्र आता अर्ध्या मिनिटात स्वच्छ होते. आधी एका हातात स्टीअरिंग आणि दुसऱ्यात फडकं असायचं.

तक्रारी शिल्लक आहेतच. काॅम्प्रेसर जोडला जाताना इंजिन एक आचका देतं, चढावर सिग्नलला उभं असताना तो जास्त जाणवतो. रात्री हेडलाइट, पंखे आणि ब्लोअर एकत्र चालू असले की व्होल्टमीटरचा काटा मान टाकतो, अल्टरनेटर बघावा लागणार. मागच्या काचेचा फ्रेमशी असलेला चिकटवा एका कोपऱ्यात सुटलाय, हा या गाडीचा जुनाच आजार, आणि तिथून गरम हवा आत येते. उभी करताना मी काचेखाली आजीच्या जुन्या नऊवारीचा पडदा लावते. विनोदी दिसतं, पण बसल्यावर पाठ भाजत नाही.

ऑक्टोबर हीटमध्ये परवा संध्याकाळी सिंहगड रोडवर चाळीस मिनिटं अडकले होते. राजाराम पुलाच्या सिग्नलला आकडा १३. शेजारच्या रिक्षावाल्या दादांनी वाकून आत बघितलं आणि विचारलं, "ताई, एसी आहे का हिला?" मी काच चार बोटं खाली करून थोडी हवा बाहेर सोडली. सिग्नल सुटेपर्यंत ते काही बोलले नाहीत, फक्त रिक्षा अजून जरा जवळ घेतली.