आधी चिहिरो की आधी बास्टियन?

दहा-अकरा वर्षांच्या मुलाला जादूच्या जगाची एकच मोठी गोष्ट द्यायची तर कुठली द्यावी, असं कुणी विचारलं की माझ्या तोंडी दोन नावं येतात. मिशाएल एन्डे यांची जर्मन कादंबरी ‘द नेव्हरएन्डिंग स्टोरी’ (मूळ १९७९, इंग्रजी अनुवाद १९८३) आणि हायाओ मियाझाकी यांचा जपानी ॲनिमेशनपट ‘स्पिरिटेड अवे’ (२००१). एक वाचायची, एक बघायची. दोन्हींच्या पोटात भीती मात्र एकच आहे: लपलेल्या जगात शिरलेलं मूल तिथे स्वतःलाच विसरून जाईल.

चित्रपटातली चिहिरो १० वर्षांची. घर बदलून आईवडिलांबरोबर नव्या गावी निघालेली, मैत्रिणींनी दिलेला फुलांचा गुच्छ कवटाळून गाडीच्या मागच्या सीटवर पडून राहिलेली. वाट चुकते, एक बोगदा लागतो आणि पलीकडे असतं देवांचं स्नानगृह. मूळ जपानी नावात ‘कामिकाकुशी’ असा शब्द आहे, म्हणजे देवांनी माणसाला गायब करणं. आपल्याकडे चकवा लागला म्हणतात, त्याच्या जवळचं काहीतरी. स्नानगृहाची मालकीण युबाबा कामाच्या करारावर चिहिरोची सही घेते आणि कागदावरची अक्षरं अलगद उचलून मुठीत घेते. नावातलं एकच अक्षर मागे उरतं, त्याचा उच्चार ‘सेन’.

दुसऱ्या सकाळी हाकू नावाचा मुलगा तिचे जुने कपडे आणून देतो. त्यात मैत्रिणींचं निरोपाचं कार्ड असतं. त्यावर स्वतःचं नाव वाचून तिच्या लक्षात येतं की एका रात्रीत आपण ते विसरायलाही लागलो होतो. मग ती हाकूने दिलेला भाताचा गोळा खायला लागते. आधी एक घास, मग दुसरा, आणि डोळ्यांतून टपोरं पाणी ओघळायला लागतं. घर सुटल्याचं दुःख मुलांना समजावून सांगावं लागत नाही, ते या घासात आहे. माझी भाची इथे काही बोलली नाही, फक्त सरकून मला चिकटून बसली.

पुस्तकातल्या बास्टियनची गोष्ट वेगळ्या वळणाने जाते. आई गेलेली, वडील घरात असून नसल्यासारखे. एका दुकानातून तो पुस्तक चोरतो, शाळेच्या माळ्यावर बसून वाचतो आणि शेवटी त्या पुस्तकाच्याच जगात ओढला जातो. तिथे त्याला ‘ऑरिन’ नावाचं पदक मिळतं. मागेल ती इच्छा पुरी होते, पण प्रत्येक इच्छेपाठी आपल्या जगातली एक आठवण पुसली जाते. तो देखणा होतो आणि आपण कधी लठ्ठ होतो हेच विसरतो. आपण काही हरवलं, हे त्याला कळतसुद्धा नाही! पुढे एक शहर लागतं, तिथे सगळ्या आठवणी संपलेली माणसं अक्षरांचे फासे टाकत बसलेली असतात.

माझ्या मते खरा फरक इथेच आहे. चिहिरोचं नाव दुसरं कुणी हिरावून घेतं, बास्टियन आपल्या आठवणी स्वतःच्या हाताने देऊन टाकतो. शाळा किंवा घर बदलून बावरलेल्या मुलाला चिहिरो लगेच आपली वाटते. सतत पुस्तकात डोकं घालून बसणारं, ‘मी असा नसतो तर’ असं मनात म्हणणारं मूल बास्टियनला ओळखेल.

चित्रपट दोन तासांचा आहे. आईवडिलांची डुकरं होतात आणि बिनचेहऱ्याचा एक जीव माणसं गिळतो, म्हणून सातच्या आतल्या मुलांना दाखवू नये. आठ-नऊ वर्षांची मुलं मोठं माणूस शेजारी असलं की नीट बघतात.

पुस्तकाला दम लागतो. चारशेच्या आसपास पानं, आणि पूर्वार्धातल्या साहसानंतर उत्तरार्ध संथ होतो. पण आठवणींचा सगळा मामला त्या उत्तरार्धातच आहे, अर्ध्यावर सोडलंत तर हाती फारसं लागणार नाही. १९८४च्या चित्रपटावर भागवूही नका, तो पूर्वार्धापाशीच थांबतो. खुद्द एन्डे यांना तो इतका नापसंत होता की ते कोर्टात गेले. मुलाचं इंग्रजी कच्चं असेल तर रात्री मराठीत सांगत वाचा. प्रकरणं २६ आहेत, ए ते झेड एकेका अक्षराने सुरू होणारी. रोज एक म्हटलं तरी सुट्टीत आरामात संपतं.

एकच निवडायचं असेल तर मी आधी चित्रपट दाखवेन. नाव जाणं म्हणजे काय, हे त्यात डोळ्यांनी दिसतं. मग वर्ष-दोन वर्षांनी पुस्तक. ज्या घरात नुकतंच कुणी गेलं असेल तिथे मात्र पुस्तक आधी मोठ्यांनी वाचावं. २५व्या प्रकरणात बास्टियन एका खाणीत विसरलेल्या स्वप्नांची चित्रं शोधतो. अभ्रकासारखे पातळ पापुद्रे, आणि त्यातल्या एकावर पांढरा डगला घातलेला एक माणूस, बर्फाच्या पारदर्शक लादीत अडकलेला. तो माणूस कोण, हे बास्टियनला आठवत नाही. वाचणाऱ्या मुलाला मात्र माहीत असतं. ते प्रकरण त्याला एकट्याला वाचायला देऊ नका, त्या रात्री शेजारी बसा.