लँडस्केपमध्ये खोली आणायची असेल तर हा पर्स्पेक्टिव्हचा (चित्रात जवळ-लांब दाखवण्याचा) वीकेंड क्लास नक्की करा

एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेल्या सगळ्यांनाच रस्ता लांब जाऊन एका बिंदूत, म्हणजे व्हॅनिशिंग पॉइंटमध्ये, मिळतो हे माहीत असतं, पण त्याच्या पुढचं कोणी सांगतच नाही, ते इथे सांगतात आणि हातून करून घेतात.

सर सुरुवातीलाच बोर्डवर त्या बिंदूच्या जागी टाचणी टोचून तिला दोरा बांधायला लावतात, तो ताणून वाड्याच्या खिडक्या, ओटा, पन्हळ सगळ्यांच्या रेषा काढायच्या. फ्लॉरेन्सला सांता मारिया नोव्हेला चर्चमध्ये मासाच्चो या चित्रकाराचं १४२७ च्या सुमाराचं ट्रिनिटीचं (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) भित्तिचित्र आहे, त्याच्या गिलाव्यातही खिळ्याची आणि दोऱ्याची खूण सापडलीये, म्हणजे ट्रिक सहाशे वर्षं जुनी! वाड्याचा कोपरा जहाजाच्या नाकासारखा टोकदार येत असेल तर दोन्ही बाजूंच्या भिंतींचे व्हॅनिशिंग पॉइंट फार जवळ घेतलेत असं समजायचं, सरळ कागदाबाहेर टेबलावर न्यायचे. आणि गर्दी काढताना क्षितिजरेषा म्हणजे आपल्या डोळ्यांची उंची, त्यामुळे सपाट जमिनीवर आपल्याएवढ्या उंचीची माणसं जवळ असोत नाहीतर लांब, सगळ्यांचे डोळे त्याच रेषेवर येणार, फक्त पाय वर-खाली होणार. हे कळल्यापासून माझी बाजाराची स्केचेस एकदम जागेवर बसायला लागली.

पण पैसे वसूल होतात ते दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी पट्टी बंद, फक्त वॉटरकलर आणि सह्याद्रीच्या एकामागे एक रांगा. मधल्या हवेत विखुरलेला निळसर उजेड लांबच्या डोंगरावर चढतो, त्यामुळे तो फिका आणि निळा दिसतो, कडा मऊ होतात, लिओनार्दो दा विंचीने हे लिहूनच ठेवलंय. सर मागची रांग भरपूर पाण्यात थोडा अल्ट्रामरीन निळा घेऊन आधी लावतात, ती पूर्ण वाळू देतात, मग पुढची थोडी गडद, आणि सगळ्यात शेवटी अगदी जवळच्या झाडाला बर्न्ट सिएना हा तपकिरी रंग घालून कोरड्या ब्रशने खरखरीत कडा. एकही रेष न काढता दरी तयार होते हो, शेजारच्या काकू तर बघतच राहिल्या!

अजिंठ्याचे फोटो दाखवून वर्तना म्हणजे छटांनी गोलाई कशी आणतात तेही सांगितलं, विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्र या चित्रकलेवरच्या भागात तिचे पत्रज, ऐरिक, बिंदुज असे तीन प्रकार दिलेत, हा भाग मला अजून हवा होता.

फोरशॉर्टनिंग, म्हणजे आपल्याकडे रोखलेली वस्तू आखूड दिसते तशी काढणं, मात्र घाईत उरकलं, समोर रोखलेला हात काढायला तासभर तरी द्यायला हवा होता. शिवाय जागा लहान, मागे बसलं तर डेमो दिसत नाही, त्यामुळे लवकर जाऊन पुढची खुर्ची पकडा. कागदाचे पैसे वेगळे घेतात, तुमच्याकडे ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, कॉटन पेपर असेल तर तोच न्या, साधा कार्ट्रिज पेपर पाण्याने फुगतो आणि रांगांची मजाच जाते.