नॅनोस्फटिक की नॅनोतंतू: लाकूड आणि वनस्पतिजन्य अवशेषांपासून नॅनोसेल्युलोज करण्याच्या मार्गांची तुलना

नॅनोसेल्युलोजच्या, म्हणजे वनस्पतींतील सेल्युलोजपासून केलेल्या नॅनोमीटर जाडीच्या कणांच्या, कामाला हात घालणारे बहुतेक जण सुरुवात कच्च्या मालापासून करतात: लाकूड घ्यावे, पेंढा घ्यावा, की चिपाड? माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी येतो. तयार पदार्थ ओल्या स्वरूपात चालणार आहे की कोरडाच हवा, आणि त्याच्याकडून ताठपणाची अपेक्षा आहे की दाटपणाची, हे आधी ठरले पाहिजे. कारण एकाच लगद्यातून निघणारे नॅनोस्फटिक आणि नॅनोतंतू यांचे स्वभाव फार वेगळे आहेत.

हा फरक बाटलीत डोळ्यांना दिसतो. पाण्यात 2 टक्के नॅनोतंतू असलेली बाटली उलटी धरली, तरी आतला घट्ट लपका बुडाशी तसाच चिकटून राहतो. तेवढ्याच प्रमाणातले नॅनोस्फटिक मात्र पाण्यासारखे हिंदकळतात, किंचित निळसर दिसतात, आणि एकमेकींशी काटकोनात धरलेल्या दोन ध्रुवणपट्ट्यांमधून पाहत बाटली हलवली, की आत रंगीत लाटा उमटतात. लाकडापासूनचे स्फटिक म्हणजे काही नॅनोमीटर जाडीच्या आणि साधारण 100 ते 200 नॅनोमीटर लांबीच्या ताठ काड्या. तंतूंची जाडी तशीच बारीक असू शकते, परंतु त्यांची लांबी मायक्रोमीटरच्या घरात जाते आणि ते एकमेकांत गुंततात.

स्फटिकांचा मार्ग आम्लाचा आहे. स्वीडनमधील उप्सालाचे संशोधक रॉन्बी यांनी 1949 च्या सुमारास तो दाखवला, आणि आजची प्रचलित कृतीही मुळात तीच आहे: विरंजित (रंग काढून पांढरा केलेला) लगदा सुमारे 64 टक्के सल्फ्यूरिक आम्लात, 45 अंश सेल्सिअसला, पाऊण तासाच्या आसपास ढवळायचा. आम्ल सेल्युलोजचा विस्कळीत भाग खाऊन टाकते व सुव्यवस्थित भाग मागे ठेवते. शिवाय पृष्ठभागावर सल्फेट गट बसवते, ज्यांच्या ऋणभारामुळे काड्या एकमेकींना दूर लोटतात आणि तळाशी बसत नाहीत. वेळ कमी पडला तर न फुटलेले तुकडे उरतात, जास्त झाला तर मिश्रण पिवळे-तपकिरी होऊन उत्पादन साखरेच्या रूपात वाहून जाते. सारे नीट जमले, तरी लगद्याच्या वजनाचा तिसरा हिस्सा ते निम्मा एवढेच हाती लागते. एका ग्रॅम लगद्यामागे 10 ते 20 मिलिलीटर आम्ल, ते थोपवण्यासाठी सुमारे दहापट पाणी, मग सेंट्रिफ्यूज आणि काही दिवसांचे डायलिसिस (बारीक छिद्रांच्या पडद्यातून उरलेले आम्ल धुऊन काढणे). आम्लाच्या पुनर्प्राप्तीची सोय नसेल, तर मोठ्या प्रमाणावर हा मार्ग धरूच नये.

तंतूंच्या मार्गात आम्लाची जागा विजेचा खर्च घेतो. टर्बाक आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये लाकडाचा लगदा उच्च दाबाच्या होमोजिनायझरमधून (अरुंद फटीतून माल दाबाने ढकलणाऱ्या यंत्रातून) वारंवार काढून सूक्ष्मतंतू मिळवले. मात्र पूर्वप्रक्रियेविना टनामागे 20,000 किलोवॅट-तासांहून अधिक ऊर्जा लागू शकते. सेल्युलोज तोडणाऱ्या सेल्युलेज विकरांची सौम्य प्रक्रिया किंवा कार्बोक्झिमिथिलीकरण (तंतूंवर ऋणभारित गट बसवणे) आधी केले, तर हा आकडा कित्येक पटींनी खाली येतो. तिसरा पर्याय टेम्पो-ऑक्सिडीकरणाचा (मालवाहू गाडीशी याचा संबंध नाही, हे एका उत्प्रेरकाचे संक्षिप्त नाव आहे). टोकियो विद्यापीठातील इसोगाई व साइतो यांच्या या पद्धतीत ब्रोमाइड आणि हायपोक्लोराइटच्या साहाय्याने, 10 च्या आसपास सामू राखून, तंतूंच्या पृष्ठभागावर कार्बोक्झिलेट गट आणले जातात. त्यानंतर थोड्याशा यांत्रिक बळानेही 3 ते 4 नॅनोमीटर जाडीचे तंतू सुटतात आणि त्यांची फिल्म काचेसारखी पारदर्शक होते. उत्प्रेरक महाग आहे, सांडपाण्यात क्षार येतात, आणि 200 अंशांच्या आसपास पदार्थ विघटू लागतो, हे मात्र विसरू नये.

खरी कसोटी सुकवताना लागते. नॅनोतंतू वाळवले, की हायड्रोजन बंधांनी ते असे जखडतात की पुन्हा पाण्यात टाकल्यावर पूर्ववत सुटत नाहीत, त्यामुळे 98 भाग पाणी आणि 2 भाग माल अशी वाहतूक पदरी पडते. सल्फेटयुक्त स्फटिक सोडियमच्या रूपात (सल्फेट गटांना सोडियम जोडून) वाळवल्यास पुन्हा पाण्यात विखुरतात. आम्लरूपात पूर्ण वाळवल्यास तसे होत नाही. म्हणून दूर पाठवायची पूड हवी असल्यास मी स्फटिक निवडेन. कागदाला बळकटी किंवा द्रावणाला दाटपणा द्यायचा असेल आणि वापर जवळच होणार असेल, तर विकरप्रक्रियेचे तंतू पुरतात; पारदर्शक फिल्मसाठीच टेम्पोचा खर्च पटतो, आणि तीही दमट हवेत ऑक्सिजन अडवण्यात कमी पडते. वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये मिसळायचे झाल्यास सल्फेट गट उष्णतेत लवकर साथ सोडतात. हायड्रोक्लोरिक आम्लाने केलेले स्फटिक जास्त उष्णता सोसतात, पण त्यांच्यावर भार नसल्याने ते पाण्यात गोळा होतात.

आता कच्चा माल. लाकडाचा विरंजित लगदा तयार मिळतो आणि त्याचा दर्जा फारसा बदलत नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याने तोच घ्यावा. पेंढा आणि चिपाड यांत लिग्निन (तंतूंना एकत्र चिकटवून ठेवणारा पदार्थ) सहसा लाकडापेक्षा कमी व रचना सैल असते, म्हणून तंतू सोडवणे तुलनेने सोपे जाते. परंतु भाताच्या पेंढ्यात सिलिकायुक्त राख 10 टक्क्यांहूनही अधिक असू शकते. ती अल्कलीने आधी काढली नाही, तर होमोजिनायझरच्या अरुंद फटीत कण अडकून दाबाचा काटा अचानक उडी घेतो आणि झडप झिजते. तेव्हा पेंढ्याचा विचार असल्यास चिमूटभर नमुना जाळून राखेचे वजन आधी पाहावे.