डी ड्राइव्हवरचा बॅकअप ते नेवऱ्यांचा डबा: दहा महिन्यांचा अनुभव

गोव्यात फोंड्याला माझं छोटं अकाउंटिंगचं ऑफिस आहे, तीन कॉम्प्युटर, चाळीसेक दुकानदारांची टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि जीएसटी. गेल्या जूनमध्ये पहिल्या पावसाच्या गडगडाटात लाईट तीनदा गेली-आली आणि मेन कॉम्प्युटर उठलाच नाही. मी निवांत, कारण रोज संध्याकाळी टॅलीचा बॅकअप घेत होते ना, डी ड्राइव्हवर! रिपेअरवाला म्हणाला, ताई, सी आणि डी एकाच डिस्कचे दोन कप्पे, डिस्कच गेली तर दोन्ही गेले. बारा वर्षं हे काम करतेय आणि हे मला तेव्हा कळलं, लाज वाटते सांगायला. क्लायंटांकडच्या प्रिंट आणि पोर्टलवरचे रिटर्न समोर ठेवून पंधरा दिवस एंट्र्या मारल्या.

तेव्हापासून जे लावलंय त्याला आता दहा महिने झाले.

पहिली गोष्ट, ऑफिसात एक टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क आणि वीम एजंट या बॅकअपच्या सॉफ्टवेअरचं फ्री व्हर्जन. हे अख्ख्या कॉम्प्युटरची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, घेतं, विंडोज, टॅली, प्रिंटरचं सेटिंग सगळ्यासकट. यातला मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे डिस्क जोडली की बॅकअप आपोआप सुरू होतो आणि संपला की डिस्क आपणहून इजेक्ट होते. म्हणजे जेवायला उठताना जोडायची, परत येईपर्यंत झालेलं असतं, मग काढून कपाटात. फ्रीमध्ये एकच जॉब, म्हणजे ठरवून दिलेलं बॅकअपचं काम, बनवता येतो पण एका कॉम्प्युटरला एक पुरतो. सुरुवातीला फार वेळ लागायचा म्हणून मी सॉफ्टवेअरला शिव्या घालत होते, मग लक्षात आलं की वायर मागच्या काळ्या यूएसबीत खुपसलेली, निळ्या पोर्टात लावल्यावर निम्म्याहून कमी वेळात व्हायला लागलं.

दुसरी गोष्ट, घरी जाणाऱ्या दोन लहान डिस्का. आज एक आणायची, संध्याकाळी त्यावर टॅलीचा डेटा आणि बिलांचे स्कॅन कॉपी करून घरी न्यायची, उद्या दुसरी. म्हणजे एक कायम म्हार्दोळला घरी. कॉपीला विंडोजमधलीच रोबोकॉपी ही कमांड, भाच्याने तिची चार ओळींची बॅच फाईल करून दिली, क्लिक केलं की चालते. त्याने आधी मिरर ऑप्शन टाकला होता, तो मी काढायला लावला, कारण इकडे चुकून उडालेली फाईल मिरर तिकडूनही उडवतो. आता रोज तारखेचा नवीन फोल्डर बनतो, जागा भरली की जुने उडवते. आणखी एक, टॅली बंद करूनच कॉपी करा. एकदा टॅली उघडी राहिली आणि ती काळी खिडकी हलेचना. रोबोकॉपी अडलेली फाईल दर ३० सेकंदांनी परत घ्यायला बघतं, तेही सांगितलं नसेल तर १० लाख वेळा! रिट्राय दोनवर आणून ठेवा.

तिसरं क्लाउड. महिन्याचं भाडं भरते, फोल्डर आपोआप सिंक होतो, म्हणजे इथे बदललं की तिथेही बदलतं, मला वाटलं होतं हाच खरा बॅकअप, बाकी नुसती हमाली.

मग ऑक्टोबर. थ्रीबीची, म्हणजे जीएसटीच्या महिन्याच्या रिटर्नची, २० तारीख तोंडावर, बाहेर परतीचा पाऊस. आमच्या असिस्टंटला एका हार्डवेअरवाल्याचा मार्चचा क्लोजिंग बघायचा होता, तिने मार्चचा बॅकअप रिस्टोर केला, पण वेगळ्या फोल्डरात नाही, चालू डेटावरच. ओव्हरराइट करू का, म्हणजे असलेल्या डेटावरच लिहू का, असं टॅलीने विचारलं होतं म्हणे, तिने घाईत वाय (हो) दाबलं. एप्रिलपासूनच्या एंट्र्या साफ. आणि क्लाउडने इमानदारीत तो मार्चचाच डेटा वर चढवला. जुनी व्हर्जनं असतात तिथे, नाही असं नाही, पण टॅलीची एक कंपनी म्हणजे एका फोल्डरात ढीगभर फाईली, प्रत्येकीचं व्हर्जन वेगळं, त्या सगळ्या एकाच वेळेच्या जुळवत बसायचं म्हणजे चवथीला गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी रात्री अंधारात बांधण्यासारखं. कपाटातली इमेज आदल्या दिवशी दुपारची होती. म्हटलं त्यापेक्षा घरची डिस्क बरी, तिच्यात संध्याकाळपर्यंतचं आहे. रेनकोट चढवला, स्कूटर काढली, म्हार्दोळला जाऊन डिस्क घेऊन आले. फक्त त्या सकाळच्या एंट्र्या परत माराव्या लागल्या, तासाभराचं काम. असिस्टंट बिचारी रडवेली झाली होती, तिला चहा पाजला.

क्लाउड बंद नाही केलं, फक्त आता त्यात सिंकचा फोल्डर नाही, दर शनिवारी तारीख घातलेली झिप टाकते. वेळेचा अंदाज हवा असेल तर, १० एमबीपीएस अपलोडवर १ टीबी चढवायला नऊ दिवसांच्या वर लागतात तेही न थांबता, त्यामुळे स्कॅनचा जुना ढीग मी चढवलेलाच नाही.

घरच्या डिस्का नेवऱ्यांच्या (करंज्यांच्या) स्टीलच्या डब्यात ठेवते, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. हसू नका, आमच्याकडे पावसात चामड्याच्या चपलेला दोन दिवसांत बुरशी येते. स्कूटरच्या डिकीत मात्र डिस्क विसरू नका, मे महिन्यात तिथे पापड भाजतील.

क्लायंटांचे पॅन, बँक स्टेटमेंट सगळं त्यात, म्हणून डिस्का विंडोजमधल्या बिटलॉकरने लॉक केल्यात. विंडोज प्रो लागतं, विंडोज होमवर लॉक करता येत नाही, तिथे व्हेराक्रिप्ट हे लॉक करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. पासवर्ड विसरला तर डिस्क उघडायची ४८ आकड्यांची रिकव्हरी की छापून घरी दागिन्यांच्या पावत्यांत ठेवलीय. भाच्याने विचारलं कॉम्प्युटरवर का नाही ठेवली. म्हटलं, बाबा, डी ड्राइव्हवर ठेवू का?

जीएसटीत हिशेब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावे लागतात, त्यामुळे जुनी वर्षं एका वेगळ्या डिस्कवर आहेत, सोबत त्या वेळच्या टॅलीचा सेटअपही.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी कुठलीही एक कंपनी असिस्टंटच्या कॉम्प्युटरवर, नवीन फोल्डरात, उघडून बघतो. डिसेंबरात एक उघडली नाही, त्या डिस्कची वायर सैल निघाली. वायर बदलली, ऐंशी रुपये.

राहिलंय ते व्हॉट्सॲपवर येणाऱ्या बिलांच्या फोटोंचं. दुकानदार फोटो मारून मोकळे, ते सगळे माझ्या फोनमध्ये, आणि फोनचा बॅकअप शेवटचा कधी घेतला ते विचारू नका.