दहा मीटर एअर पिस्तूल: आठ महिन्यांच्या वापरानंतर

वय 44, लातूरला गंजगोलाईजवळ मेडिकलचं दुकान, आणि याआधी कुठल्याही खेळाचा सराव नाही. गेले आठ महिने मी एक मॅच एअर पिस्तूल वापरते आहे. दाबलेल्या हवेवर चालणारं, आधी दुसऱ्या कुणीतरी वापरलेलं, 85,000 रुपयांना घेतलेलं. घेताना माहिती शोधली तेव्हा मॉडेलांच्या तुलना भरपूर सापडल्या. पण पिस्तूल हातात आल्यावर नवशिक्या माणसाचं पुढं काय होतं, हे मराठीत कुठं दिसलं नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

एमआयडीसीतल्या एका रिकाम्या गोदामात आमचा सराव चालतो. पहिल्या दिवशी सरांनी टेबलावर वाळूची पिशवी ठेवली, तिच्यावर हात टेकवला आणि पाच छर्रे मारले. पाचही जवळजवळ एकाच भोकात. लक्ष्यावरचं मधलं, दहा गुणांचं वर्तुळ 11.5 मिमी व्यासाचं असतं, ते भोक त्यात आरामात मावलं. सर म्हणाले, "ताई, पिस्तूल दहा मारतंय. आता जे चुकेल ते आपलं." हे वाक्य मला फार उपयोगी पडलं. पुढच्या आठ महिन्यांत एकदाही पिस्तूल बदलावंसं वाटलं नाही. जो काही पैसा आणि वेळ गेला तो ते पिस्तूल माझ्या हाताशी आणि डोळ्याशी जुळवण्यात गेला.

वापरलेलं घेणाऱ्यांनी आधी सिलेंडरवरची तारीख वाचावी. मी वाचली नव्हती. बहुतेक कंपन्या सिलेंडरला दहा वर्षांची मुदत देतात, आणि मुदतीतला सिलेंडर वापरणं ही स्पर्धेत खेळाडूचीच जबाबदारी असते. माझ्या सिलेंडरची मुदत संपून दीड वर्ष झालं होतं. विकणाऱ्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. नवीन सिलेंडरचा खर्च वेगळा पडला. आत 200 बार दाब असतो, त्यामुळं इथं काटकसर करू नका.

हवा भरायला मी हातपंप घेतला. शेवटचे पंधरा-वीस दट्टे सगळं अंग टाकून मारावे लागतात. पाच मिनिटं मारले की पंप थंड होऊ द्यायचा, नाहीतर आतली सीलं लवकर जातात. पावसाळ्यात हवेतला ओलावा पंपात साचतो, म्हणून भरून झाल्यावर हवा सोडायचा ब्लीड स्क्रू उघडून तो ओलावा काढून टाकते. आणि एक अगदी कळकळीनं सांगते: पंपाला किंवा सिलेंडरच्या तोंडाला घरातलं मशीनचं तेल लावू नका. एवढ्या दाबाच्या हवेत तेल पेटू शकतं. सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाच्या टोकाएवढंच.

आता मूठ. माझे निम्मे महिने इथंच गेले. मूठ पुरुषाच्या हाताच्या मापाची होती, त्यामुळं ट्रिगरवर माझ्या बोटाचं फक्त टोक पोचायचं. टोकानं ओढलं की पिस्तूल किंचित डावीकडं ढकललं जातं. दोन महिने माझे छर्रे डावीकडं आठच्या, सातच्या वर्तुळात जात होते आणि मी साइटचे (नळीवरच्या नेम धरायच्या खुणांचे) स्क्रू फिरवत बसले होते. सरांनी स्क्रूला हात लावणं बंद करायला लावलं, ट्रिगरची पाती एक खूण मागं घेतली आणि मला शेजारच्या सुतारकाकांकडं पाठवलं. काकांनी अंगठ्याकडचा भाग कानशीनं उतरवला. तळहाताच्या पोकळीत मी एम-सील भरलं, ते ओलं असतानाच मूठ आवळून धरली, आणि वाळल्यावर पॉलिश पेपर मारला. असं चार वेळा केलं. आता डोळे मिटून हात वर नेला आणि मग डोळे उघडले, तरी पुढची साइट मागच्या खाचेत मधोमध असते. मूठ बरोबर बसली की नाही याची मला एवढीच परीक्षा पुरते.

साइटचं गणित मी दुकानातल्या बिलाच्या मागं मांडून पाहिलं. माझ्या पिस्तुलावर दोन साइट्समधलं अंतर साधारण 32 सेंटीमीटर आहे. पुढची साइट खाचेत एक मिलिमीटर बाजूला राहिली, तर दहा मीटरवर छर्रा 31 मिमी सरकतो. म्हणजे दहाच्या जागी सात. उलट साइट्स एका रेषेत असतील आणि हात हलून सगळा नेम लक्ष्यावर पाच मिमी ढळला, तरी दहाच मिळतात, कारण छर्रा 4.5 मिमीचा असतो आणि त्याची कड रेषेला लागली तरी वरचा गुण मिळतो. हे कळेपर्यंत मी हात थरथरतो म्हणून रडवेली व्हायची. थरथर सगळ्यांच्याच हाताला असते. बघायचं ते पुढच्या साइटकडं, लक्ष्यावरचा काळा गोल धूसर दिसला पाहिजे.

पण मला पुढची साइटच धूसर दिसायची. चाळिशीनंतर डोळ्याचं असं होतं. चष्म्याच्या दुकानात पिस्तुलाची गोष्ट न काढता "हातभर अंतरावरचं स्पष्ट दिसायला पाहिजे" एवढंच सांगितलं. लांबच्या नंबरात अर्धा अधिक धरून उजव्या डोळ्याचं एक भिंग करून घेतलं. खर्च किरकोळ, फरक सगळ्यात मोठा. डावा डोळा मात्र मिटू नका, चेहरा आवळला जातो. त्याच्यापुढं पांढरी अर्धपारदर्शक पट्टी लावा, 30 मिमी रुंदीपर्यंत ती नियमात बसते.

ट्रिगरची ओढ किमान 500 ग्रॅमची असावी लागते. स्पर्धेत वजन टांगून तपासतात. मी आडतीवरून अर्ध्या किलोचं माप आणलं, तारेनं टांगलं, ट्रिगरनं पेललं. विषय संपला.

सराव म्हणाल तर छर्रे आठवड्यातून दोनदाच. बाकी दिवस दुकान बंद झाल्यावर घरी ड्राय, म्हणजे छर्रा न भरता, कोऱ्या भिंतीसमोर, वीस मिनिटं. समोर गोल नसला की डोळा आपोआप साइटवर राहतो. सासूबाई खाटेवर बसून बघतात. तिसऱ्या महिन्यात त्याच म्हणाल्या, "अगं, गोळी सुटायच्या आधी खांदा कशाला उचलायलीस?" सरांनाही ते दिसलं नव्हतं, कारण ते नेहमी माझ्या हाताकडं बघायचे. तेव्हापासून सासूबाई माझ्या दुसऱ्या गुरू.

आणखी एक काम त्यांच्याकडं आहे. हात वर नेऊन स्थिर झाल्यावर सहा ते आठ सेकंदांत गोळी सुटायला हवी. दहा सेकंदांपर्यंत सुटली नाही तर हात खाली घ्यायचा. हे ऐकायला सोपं आहे, करायला फार जड जातं. सासूबाई आकडे मोजतात आणि दहा झाले की "घे खाली" म्हणतात. सुरुवातीला साठात दोन-तीनदाच खाली घ्यायचे, आता पंधरा वेळा घेते. स्पर्धेत 60 गोळ्यांना इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर 75 मिनिटं असतात, घाईचं कारणच नाही.

मला मूळ ओढ प्रॅक्टिकल शूटिंगची होती. होल्स्टरमधून पिस्तूल काढायचं, चालत-वळत वेगवेगळी लक्ष्यं मारायची. आपल्याकडं त्यासाठी खरं, परवान्याचं शस्त्र लागतं. 4.5 मिमीच्या या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, म्हणून सुरुवात इथून केली. सरांनी मला तिथलंही गणित करून दाखवलं. त्या खेळात गुणांना वेळेनं भागतात. दोन्ही गोळ्या लक्ष्याच्या मधल्या, ए भागात लागल्या तर दहा गुण, दोन सेकंदांत मारल्या तर भागाकार 5. घाईनं 1.6 सेकंदांत मारल्या आणि एक कडेच्या डी भागात गेली, तर मायनर (कमी ताकदीच्या काडतुसांच्या) गुणांकनात सहाच गुण, भागाकार 3.75. आणि चालताना बोट ट्रिगरवर राहिलं तर थेट बाद. म्हणून मी इथंही छर्रा भरताना बोट बाहेर ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावली.

मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात दुपारी उभं राहणं शक्यच नव्हतं, सकाळी सहाला जायचो. घामानं मूठ सरकते, सुती फडकं जवळ ठेवा. छर्रे शिशाचे असतात, साबणानं हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. औषधांच्या दुकानात बसणारी बाई म्हणून हे मी रेंजवरच्या प्रत्येक पोराला सांगते.

पहिल्या पूर्ण 60 गोळ्यांत 600 पैकी 431 आले होते. गेल्या रविवारी 526. त्यातल्या पहिल्या पन्नासांत 447 होते, शेवटच्या दहांत 79. हाताचा दंड तिथं थकून साथ सोडतो. या महिन्यापासून ड्राय झाल्यावर पिस्तूल हातात धरून मिनिटभर उभं राहायचं, असं पाच वेळा करते. आकडे सासूबाईच मोजतात.